वाडी कोकणात, वारस पुण्यात

आमच्या वाडीच्या, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेच्या, सातबारावर सतरा नावं आहेत. त्यातली दोन माणसं गावात राहतात, सहा मुंबईकडे, एक सॅन होजेला आणि आम्ही आठ जण पुण्यात, कोथरूडपासून धायरीपर्यंत पसरलेले. गाव हर्णै आणि केळशीच्या मधलं. नाव मुद्दामच लिहीत नाही. सातबारा हल्ली कोणालाही घरबसल्या बघता येतो, आणि आमच्यातल्या निम्म्यांना हे असं लिहिलेलं आवडणार नाही. माझं नाव बाबा गेल्यावर वारस म्हणून लागलं. "हक्कसोड करून टाक, तुला काय करायचीय वाडी" असं प्रेमाने सुचवणारे चुलत होते. पण मी जन्मभर लोकांचे हिशेब तपासत आले आहे. कागद हातचा सोडायचा नसतो, एवढं कळतं.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. पुण्यातही त्या दिवशी झाडं पडली, वीज गेली. पण आमचा जीव टांगणीला लागला तो गावाचा फोन बंद पडला म्हणून. टॉवर बंद, विजेचे खांब आडवे, आणि लॉकडाउनमुळे जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास. चार दिशांना चार फोन करून शेवटी दापोलीतल्या कोणाकडून तरी कळलं, की माणसं सुखरूप आहेत, घराचे पत्रे गेलेत आणि वाडी झोपली आहे.

झोपली म्हणजे काय, हे नंतर पाहिलं. सुपारी कमरेतून मोडते आणि नारळ मुळासकट उपटतो. पण आडवा होताना तो एकटा पडत नाही, शेजारच्या चार सुपाऱ्या आणि एखादं जायफळ सोबत घेऊन जातो. सुपारी नव्याने लावली तर धरायला पाच-सहा वर्षं, नारळाला सहा-सात. म्हणजे दादाच्या, माझ्या चुलतभावाच्या, उत्पन्नाचा एक सबंध तुकडाच कापून काढला त्या दुपारी.

भरपाई आधी हेक्टरी हिशेबाने होती, ५० हजार. वाडी ही गुंठ्यात मोजायची गोष्ट, तेव्हा तो आकडा ऐकून काकू नुसती हसली. पुढे झाडामागे सुपारीला ५० आणि नारळाला २५० रुपये ठरले. तेही मिळायला सामायिक खातेदारांची संमतीपत्रं लागली. कोणाचा पत्ता बदललेला, कोणाचं भावाशी बोलणं बंद, कोणाचं नाव मेल्यानंतरही कमी केलेलं नाही. झाडं दादाने लावली, त्यानेच शिंपली, पडलेलीही त्यानेच उचलली. आणि त्यांचे पैसे त्याला मिळावेत म्हणून आम्ही पुण्या-मुंबईत बसलेल्यांनी 'हरकत नाही' असं लिहून द्यायचं.

किनाऱ्यावरच्या गावांनी बदलत्या हवामानाला तोंड कसं द्यायचं यावर आता बरेच आराखडे होतात, आणि त्यासाठी किनाऱ्यावर राहणाऱ्यांना विचारतात. विचारायलाच हवं. पण तिथे झाड कोणतं लावायचं, विहिरीवर पंप केवढा बसवायचा, बंधाऱ्याला जागा सोडायची की नाही, हे ठरवायचा कागदोपत्री हक्क असलेली कितीतरी माणसं त्या वेळी पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला उभी असतात. त्यांना कोणी बैठकीला बोलावत नाही आणि ती आपणहून जात नाहीत. म्हणून आम्ही आमच्यापुरती बैठक सुरू केली, अण्णाकाकांच्या कर्वेनगरच्या घरात. दादा आणि वहिनी फोनवर. वहिनीचं नाव सातबारावर नाही. वाडीतलं झाडन्‌झाड मात्र तिला पाठ आहे.

समुद्र नसलेल्या या शहरात समुद्राचा अभ्यास किती चालतो याची मला नेहमी गंमत वाटते. शिवाजीनगरचं वेधशाळेचं सिमला ऑफिस, १९२८मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं तेव्हापासूनचं. पाषाणला आयआयटीएम, उष्णकटिबंधीय हवामानाचा अभ्यास करणारी संस्था. खडकवासल्याला १९१६पासूनचं जल आणि विद्युत संशोधन केंद्र, जिथे टाक्यांमध्ये लाटा उठवून बंदरांची छोटी प्रतिरूपं तपासतात. पाषाणच्या शास्त्रज्ञांचा २०२१चा एक अभ्यास आहे: १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, बंगालच्या उपसागरात मात्र ८ टक्क्यांनी घटली. आमच्या आजोबांच्या पिढीला वादळ म्हणजे पूर्वेकडची गोष्ट वाटायची, ते काही अडाणीपणाने नव्हे. समुद्रच तेव्हा थंड होता. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३नंतर वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरने वाढते आहे. हा आकडा सांगितला की बैठकीत कोणीतरी पट्टीवर मिलिमीटर दाखवून हसतं. पण अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, त्यात वादळाने आत लोटलेलं पाणी, आणि या दोन्हींच्या खालची पायरीच दरवर्षी थोडी उंच होतेय, असं म्हटलं की हसणं थांबतं.

अण्णाकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं पहिल्या बैठकीपासून एकच: "भिंत बांधून घ्या. धूपप्रतिबंधक बंधारा मंजूर करून आणा, बाकीच्या गप्पा नंतर." कोकणातल्या प्रत्येक ग्रामसभेत हीच मागणी असते आणि ती चूक आहे असं सरसकट म्हणता येत नाही. जिथे घराच्या उंबऱ्याशी लाट येते तिथे दगड टाकावेच लागतात. पण आमच्यासमोर अजून पुळण आहे, रुंद आणि जिती. लाट अशा उतरत्या वाळूवर चढते तेव्हा तिचा जोर वाळू वरखाली करण्यातच खर्च होतो. पावसाळ्यात समुद्र ती वाळू ओढून नेतो आणि दिवाळीनंतर हळूहळू परत आणून टाकतो. भिंतीवर आपटलेली लाट परत फिरते, जाताना भिंतीच्या पायाची वाळू उकरून नेते आणि पुळण खाली खाली जात राहते. भिंत जिथे संपते, त्या टोकाला शेजाऱ्याची जमीन दुप्पट वेगाने खचायला लागते. मग शेजारी भिंत मागतो. असं करत अख्ख्या किनाऱ्याला दगडी काठ लागतो आणि किनारा उरत नाही.

"हे मला शिकवतेस?" काका म्हणाले. नाही शिकवत, काका. तुम्हीच मला लहानपणी खडकवासल्याला नेऊन नदीच्या वळणावर बाहेरचा काठ का खचतो ते दाखवलं होतंत. यावर ते थोडे नरमले, पण भिंतीचा मुद्दा त्यांनी इतिवृत्तात लिहायला लावलाच.

भिंतीऐवजी काय, तर पहिली गोष्ट म्हणजे वाळूच्या उंचवट्याला हात लावायचा नाही. आमच्या वाडीपुढचा वाळूचा बांध मधल्या काळात कोणीतरी 'समुद्र दिसावा' म्हणून सपाट केला. (कोण ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे.) तिथे पूर्वी मर्यादावेल पसरलेली असायची, तिच्यामागे केवड्याचं बन, त्यामागे उंडी, करंज, भेंडी. वेल वाळू धरून ठेवते, केवडा उडणारी वाळू अडवतो, उंडी वाऱ्याचा पहिला मार खाते. त्या जागी पुढे सुरूचे वृक्ष लावले गेले. भराभर वाढतात, रांगेत छान दिसतात, फोटोला बरे. निसर्गमध्ये आमच्या किनाऱ्यावरचे सुरू ओळीने आडवे झाले आणि त्यातले काही वाडीच्या गडग्यावरच पडले. तिवरं लावा असंही कोणी सुचवतं. तिवर, कांदळ, चिप्पी ही खाडीच्या चिखलात वाढणारी झाडं, उघड्या पुळणीवर ती तगत नाहीत. खाडीकाठच्या खाजणांना त्यांचा मोठा आधार आहे. तो विषय वेगळा आणि तिथल्या मालकांच्या तक्रारीही वेगळ्या. आम्ही उंडीवर आलो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडून रोपं आणायची आणि वाऱ्याच्या अंगाला दोन ओळी लावायच्या, असं ठरलं.

आतली लागवड दादाच्या मर्जीने. बाणवली नारळ तो सोडणार नाही आणि त्यात कोणी बोलूही नये. फक्त सगळी सुपारी एकदम न लावता तीन-चार वर्षांत टप्प्याने लावायची, म्हणजे पुढच्या वादळात सगळी एकाच वयाची, एकाच उंचीची सापडणार नाही. मध्ये मिरी, दालचिनी. रत्नागिरीच्या भाट्ये केंद्राने नारळात मसाल्याची झाडं घेण्याची जी पद्धत रुजवली, तिचा मोठा फायदा मला हिशेबाच्या वहीत दिसतो: नारळ गेला त्या वर्षी निदान दालचिनीची साल तरी विकता येते.

छपरावर फार वाद झाले नाहीत. वारा छप्पर वरून दाबत नाही, उचलतो, हे एकदा पत्रे गेलेल्या घराला समजावून सांगावं लागत नाही. चौपाखी छप्पर ठेवायचं, वासे भिंतीवरच्या तुळईला लोखंडी पट्टीने बांधायचे, कडेच्या ओळीत हूक दुप्पट. आणि पडवीचं छप्पर मुख्य घराच्या वाशांना जोडायचं नाही, सुटं ठेवायचं. उडालंच तर ते एकटं उडेल, घराचं घेऊन जाणार नाही. गावच्या सुताराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जुनी घरं अशीच होती की." बिल मात्र नव्या दराने लावलं.

विहिरीवरून मात्र बैठका चिघळल्या.

वाळूतल्या विहिरीचं पाणी गोड का असतं, ते आधी सांगते. पावसाचं गोडं पाणी हलकं, ते जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं. समुद्राच्या पातळीच्या वर गोडं पाणी एक फूट असेल, तर त्याच्या वजनाने खाली साधारण चाळीस फुटांपर्यंत खारं पाणी दाबलेलं राहतं. उलटंही खरं. पंपाने उपसून वरची पातळी एक फूट उतरवली, की खालचं खारं पाणी कालांतराने चाळीस फूट वर सरकायला मोकळं. त्यात समुद्रच वर चढत असेल तर दोन्हीकडून कात्री. रहाटाच्या काळात हा प्रश्न नव्हता, कारण बैल आणि माणूस दोघंही दमायचे. पाच हॉर्सपॉवरचा पंप दमत नाही.

गावात न्याहारी-निवासाच्या खोल्या वाढल्यात आणि शनिवार-रविवारी आंघोळीला पुण्यातून गाड्या भरून माणसं येतात. आपलीच माणसं. वहिनी गेली काही वर्षं एका छोट्या मीटरने विहिरीच्या पाण्यातले क्षार मोजून वहीत लिहिते. पिण्याच्या पाण्याला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक म्हणतात. मे महिन्यात आमची विहीर त्याच्या बरीच पुढे जाते आणि सुट्टीच्या हंगामात जोड सुट्ट्या लागून आल्या की त्या आठवड्यात जास्तच. तिची ती वही मी बैठकीत मोबाइलवर फोटो काढून दाखवली. आमचा मुंबईचा एक चुलतभाऊ वाडीच्या दक्षिण टोकाला पोहण्याच्या तलावासह होमस्टे काढायच्या विचारात आहे. तो बराच वेळ फोटो मोठा करून बघत होता आणि मग म्हणाला, "मीटर बरोबर आहे का पण?"

आता तात्पुरतं ठरलंय ते असं: नवी बोअर नाही, पंप लहान, उपसा सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, मध्ये विहिरीला भरायला वेळ. छपराचं पावसाचं पाणी पन्हाळीने विहिरीजवळच्या खड्ड्यात. आणि क्षार एका आकड्याच्या वर गेले की त्या महिन्यात खोल्या बंद. हा शेवटचा नियम अजून सगळ्यांनी मान्य केलेला नाही. खोल्यांचं उत्पन्न कोणाला आणि सुकणाऱ्या सुपारीचं नुकसान कोणाला, हे एकाच माणसाच्या खात्यात येत नाही, तोवर तो मान्य होणंही कठीण आहे.

इशाऱ्याबद्दल थोडक्यात. निसर्ग आलं तेव्हा मासेमारीचा हंगाम सरत आला होता, होड्या वर ओढलेल्या होत्या, हे नशीब. ११ नोव्हेंबर २००९चं फयान ऐन हंगामात आलं होतं. आता हवामान खात्याचा इशारा वेळेवर येतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नारिंगी आणि लाल रंगाचं काय करायचं, हे गावात कोणीतरी आधी ठरवलेलं असावं लागतं. ओडिशात १९९९च्या वादळाने सुमारे दहा हजार माणसं नेली, २०१९च्या फनीआधी दहा लाखांहून जास्त माणसं हलवली आणि मृत्यू शंभराच्या आत राहिले. निवारे आणि रस्ते होतेच, पण कोणी कोणाच्या दारात जायचं हेही तिथे ठरलेलं होतं. आमच्या गावात तशी यादी वहिनीने आणि शाळेतल्या बाईंनी मिळून केली: कोणत्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे. ती यादी वाचताना पुण्यातल्या बैठकीत कोणी कोणाकडे बघत नव्हतं. त्यातली बहुतेक मुलं इथेच नोकरीला आहेत.

शिवाय एक लाकूड कापायचं यंत्र, पेट्रोलसकट, आणि ते चालवता येणारी दोन माणसं. आमचा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना वाड्या आणि मधून एक गाडी जाईल एवढी वाट. वादळानंतर तीच वाट पडलेल्या झाडांनी बंद होते. यंत्राचे पैसे पुणेकरांनी भरले. आणि एक नियम आम्ही स्वतःवर घालून घेतला: वादळ आल्यावर सोळा जणांनी दादाला फोन करायचा नाही. एकाने करायचा आणि बाकीच्यांना सांगायचं. त्याच्या मोबाइलची बॅटरी आमच्या काळजीसाठी नसते.

राहिला कोळीवाडा. भिंतीचा विषय ग्रामसभेत निघाला तेव्हा दादाबरोबर मीही गेले होते. किनाऱ्यापासून २०० मीटरपर्यंत बांधकाम नको, अमुक ठिकाणी ५० मीटर, हे सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचं, सगळ्यांना तोंडपाठ असतं, कारण त्यावर परवानग्या अडतात. समुद्राचा धोका कुठवर पोचू शकतो ती धोकारेषा भारतीय सर्वेक्षण विभागाने नकाशावर काढली आहे, पण २०१९च्या अधिसूचनेप्रमाणे ती आपत्ती नियोजनासाठी वापरायची, बांधकामाच्या बंधनासाठी नाही. परिणाम असा, की ती रेषा कोणाला अडवत नाही आणि म्हणून कोणी विचारतही नाही. माझ्या मते ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा ज्या ग्रामसभेत मंजूर होतो, तिथे ती आधी भिंतीवर लावली पाहिजे.

कोणीतरी केरळचा दाखला दिला. तिथे समुद्रापासून ५० मीटरच्या आतल्या मच्छीमार कुटुंबांना दुसरीकडे जागा आणि घर घ्यायला १० लाख रुपये देणारी पुनर्गेहम योजना आहे. आपल्याकडेही वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या पठारावर, घरं द्यावीत, असं त्याचं म्हणणं. कोळीवाड्यातल्या एक मावशी उठल्या. म्हणाल्या, "घर सड्यावर नेलं तर राती होडी कोण बघील? नि मासळी वाळत घालायची कुठं?" मग आमच्याकडे वळून, "तुमी भित बांधा. पर होडी वर वढायला जागा ठेवा म्हंजे झालं. भितीवरनं होडी चढत न्हाय." पुळणीचा उतार हेच त्यांचं बंदर आहे, हे आमच्या बैठकीच्या एकाही इतिवृत्तात नव्हतं.

त्यावर दादाने एक तोडगा काढला. वाडीच्या उत्तर टोकाला पडलेल्या सुरूंची जी रिकामी जागा आहे, ती समुद्राच्या पातळीपासून बरीच उंच आहे. तिथे वादळाच्या वेळी होड्या ओढून ठेवू द्याव्यात, एरवी जाळी आणि इंजिनं ठेवायला एक शेड. भाडं नाही. बदल्यात वाळूचा बांध आणि नवी उंडी त्यांनी राखायची, म्हणजे तिथून वाळूच्या गाड्या भरू द्यायच्या नाहीत. अण्णाकाकांना हे आवडलं, हे विशेष. म्हणाले, भिंतीपेक्षा स्वस्त आहे.

करारनामा मी लिहितेय. पुण्याच्या भावंडांना तो अकरा महिन्यांचा हवा आहे, फ्लॅट भाड्याने देतात तसा. कोळीवाड्याचं म्हणणं, अकरा महिन्यांच्या भरवशावर शेड कोण बांधणार? मी तीस वर्षं लिहिली होती, काकांनी लाल पेनने खोडून दहा केली, सॅन होजेहून 'पाच का नाही' अशी मेल आली आहे. मसुदा सध्या तिथे आहे.